स्टफ्ड फ्रेंच टोस्ट बाहेरून करपतो आणि आतून ओला राहतो, असं का होतं? घरी नीट जमवायचा तर पाण्याचा हिशोब समजून घ्या

1979 साली आलेल्या 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' या हॉलिवूड सिनेमात एक सीन आहे. बायको घर सोडून गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डस्टिन हॉफमनने साकारलेला बाप आपल्या लहान मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला घेतो. ब्रेडची घडी घालून ती अंड्याच्या मगात कोंबतो, पॅन जास्त तापतं, टोस्ट करपतो आणि वर हातही भाजतो. पाच ऑस्कर मिळवणाऱ्या या सिनेमातला हा सीन आजही लोकांच्या लक्षात आहे, कारण फ्रेंच टोस्टसारखी सोपी वाटणारी गोष्टसुद्धा बिघडू शकते, हे बघणाऱ्यांपैकी अनेकांनी अनुभवलेलं असतं.

ही झाली साध्या टोस्टची गत. आता त्यात क्रीम चीज, केळं, स्ट्रॉबेरी, चॉकलेट असं काहीतरी भरायचं म्हटलं की अडचणी दुप्पट होतात. कॅफेत मिळणारा स्टफ्ड फ्रेंच टोस्ट बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असतो. घरी केला की तो बाहेरून काळा, आतून गचगचीत, आणि सारण अर्धं तव्यावर. रविवारी सकाळी एवढा घाट घालून हे हाती येणार असेल, तर साधं ऑम्लेट काय वाईट, असं वाटणारच.

पण यात हाताच्या गुणापेक्षा पाण्याचा संबंध जास्त आहे. तो कसा, तेच बघू.

मुळात फ्रेंच टोस्ट फ्रेंच आहे का?

दुधात भिजवून तळलेला ब्रेड फ्रान्सपेक्षाही जुना आहे. 'आपिकियुस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात अशी एक कृती सापडते. पांढऱ्या ब्रेडचे मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तळा आणि वरून मध घाला, इतकीच. त्यात अंड्याचा उल्लेखही नाही.

इंग्रजीत 'फ्रेंच टोस्ट' हे नाव 1660 साली छापलेल्या रॉबर्ट मे यांच्या 'द अकम्प्लिश्ट कुक' या पुस्तकात येतं. गंमत म्हणजे त्यातला टोस्ट वाइन, साखर आणि संत्र्याच्या रसात भिजवलेला आहे, अंडं तिथेही नाही. इंटरनेटवर एक गोष्ट फिरत असते की 1724 साली अमेरिकेतल्या आल्बनी शहरात जोसेफ फ्रेंच नावाच्या खानावळवाल्याने हा पदार्थ शोधला आणि स्वतःचं नाव दिलं. पण नावच त्याच्या 60-65 वर्षं आधी छापून आलेलं असल्याने ही गोष्ट टिकत नाही.

खुद्द फ्रान्समध्ये याला 'पॅं पेर्द्यू' म्हणतात. त्याचा अर्थ होतो 'वाया गेलेला ब्रेड'. जर्मनीत 'आर्मे रिट्टर' म्हणजे 'गरीब सरदार'. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधी 'तोरिहास' होतात, पोर्तुगालमध्ये नाताळला 'राबानादास'. आपल्याकडे दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत याचं नाव चक्क 'बॉम्बे टोस्ट' आहे. मुंबईत मात्र कुणी तो या नावाने मागत नाही.

नावं वेगळी असली तरी गरज सगळीकडे सारखीच होती. शिळा, कडक झालेला ब्रेड टाकून द्यायचा नाही. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, शिळा भात फोडणीला पडतो, तसंच हे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे कृतीत ती कामाला येणार आहे. फ्रेंच टोस्ट ताज्या, मऊ ब्रेडसाठी बनलेलाच नाही.

मग त्यात सारण भरायचं कुठून आलं?

भरलेल्या टोस्टचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण हाँगकाँगमध्ये सापडतं. तिथल्या 'चा चान टेंग' नावाच्या साध्या, स्वस्त कॅफेंमध्ये दोन स्लाइसच्या मध्ये पीनट बटर लावतात, अख्खं सँडविच अंड्यात बुडवून तेलात तळतात आणि वर लोण्याचा तुकडा आणि सिरप किंवा कंडेन्स्ड मिल्क घालतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये 'टोंगा टोस्ट' मिळतो. त्यात जाड ब्रेडच्या पोटात केळं भरून तो तळतात आणि दालचिनी-साखरेत घोळवतात.

हाँगकाँगवाल्यांनी पीनट बटर निवडलं त्यात एक फायदा आहे. पीनट बटरमध्ये पाणी जवळपास नसतंच. त्यामुळे आतून ब्रेड भिजत नाही.

घरी बिघडतं नेमकं कुठे?

आता हे आकडे बघा. शंभर ग्रॅममध्ये साधारण किती पाणी असतं?

- पांढरा ब्रेड: 36 ते 38 ग्रॅम
- क्रीम चीज: 54 ग्रॅमच्या आसपास
- पिकलेलं केळं: 75 ग्रॅम
- अंडं: 76 ग्रॅम
- दूध: 87 ग्रॅम
- स्ट्रॉबेरी: 91 ग्रॅम

म्हणजे आपण ब्रेडला बाहेरून अंडं-दुधाचं पाणी देतो आणि आतून फळाचं. मधला ब्रेड दोन्हीकडून भिजतो.

यानंतर तव्यावर दुसरी अडचण येते. टोस्टला जो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो, तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या मेयार्ड प्रक्रियेमुळे. (लुई-कामिय मेयार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, त्यामुळे टोस्टचा एवढा भाग तरी नक्की फ्रेंच आहे.) ही प्रक्रिया साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते. पण ब्रेडच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही. आधी पाणी उडणार, मग रंग येणार.

टोस्ट गचगचीत भिजलेला असला की रंग येत नाही. रंग येत नाही म्हणून आपण गॅस मोठा करतो. मग बाहेरची बाजू झपाट्याने करपते आणि मधलं अंडं कच्चंच राहतं. सगळा गोंधळ इथे होतो.

कच्चं अंडं हा फक्त चवीचा प्रश्न नाही. अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि त्यामुळे जुलाब, उलट्या, ताप असा त्रास होतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसं यांना तो जास्त जड जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार अंड्याचा पदार्थ आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापला पाहिजे. तेव्हा 'आतून जरा ओलसर चालतो' असं म्हणून सोडून देऊ नका.

ब्रेड कोणता आणि किती शिळा?

पाकिटातला कापलेला ब्रेड पातळ असतो, त्यामुळे तो भिजला की फाटतो. जमलं तर बेकरीतून न कापलेला मिल्क ब्रेड आणा आणि घरी दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचे स्लाइस कापा. पाकिटातलाच वापरायचा असेल तरी चालेल, फक्त भिजवायचा वेळ कमी करा.

ब्रेड एक दिवसाचा शिळा हवा. शिळा होणं म्हणजे नुसतं सुकणं नाही. ब्रेडमधलं पिष्ट भाजताना फुगून मऊ होतं आणि नंतर हळूहळू पुन्हा घट्ट होत जातं. म्हणूनच पिशवीत बंद असलेला ब्रेडही दुसऱ्या दिवशी कडक लागतो. फ्रीजच्या थंडाव्यात तर हे आणखी वेगाने होतं. रोजच्या खाण्यासाठी हा तोटा असला तरी फ्रेंच टोस्टसाठी हा फायदा आहे, कारण घट्ट झालेला ब्रेड भिजला तरी आकार धरून ठेवतो.

ताजाच ब्रेड असेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू रंग न येऊ देता नुसत्या सुकवून घ्या. पावसाळ्यात ब्रेड रात्रभर उघडा ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा भाग काढून बाकीचा वापरायचा नाही, तो ब्रेड टाकून द्या.

सारणाची परीक्षा: पुरणाचा नियम लावा

पुरण शिजलं की नाही हे आपल्याकडे कसं बघतात? पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे. पुरण सैल राहिलं तर पोळी लाटताना फुटते. फ्रेंच टोस्टच्या सारणालाही हाच नियम लावा. चमचा उभा राहत नसेल तर ते सारण भरायच्या लायकीचं नाही.

परदेशी कृतींमध्ये क्रीम चीज सांगतात. ते महाग पडतं आणि सगळीकडे मिळत नाही. आपल्याकडे त्याला उत्तम पर्याय आहे तो म्हणजे चक्का. 250 ते 300 ग्रॅम दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगून किंवा गाळणीत ठेवलं, की साधारण 100 ग्रॅम घट्ट चक्का मिळतो. हलकासा आंबट, मऊसूत, आणि पाणी बरंचसं निथळलेलं.

पण इथे एक खबरदारी घ्यावी लागते. चक्क्यात साखर मिसळली की तो सैल होतो. श्रीखंड करताना हेच होतं आणि तिथे ते हवं असतं. टोस्टमध्ये नको. म्हणून चक्क्यात साखर अगदी कमी घाला आणि सोबत एक मोठा चमचा दुधाची पावडर घाला. ती उरलंसुरलं पाणी शोषून घेते. तयार श्रीखंड भरायचा मोह टाळा, तव्यावर ते पातळ होऊन बाहेर येतं.

फळांचं काय? केळं भरायचं असेल तर चकत्या थोड्या तुपावर, चिमूटभर गूळ घालून, ओलसरपणा आटेपर्यंत परता. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असेल तेव्हा ती कच्ची आत भरू नका, गरम झाली की पाणी सोडते. एक तर थोडी साखर घालून जॅमसारखी आटवा, नाही तर ताजी चिरून टोस्टच्या वर घाला. गुळाच्या पोळीचं सारण उरलं असेल तर तेही छान लागतं, कारण ते मुळातच कोरडं असतं.

अजून एक उपाय मुंबईच्या सँडविचवाल्याकडून घ्या. तो चटणी लावायच्या आधी ब्रेडला लोणी लावतो. त्यामुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये लगेच मुरत नाही. आपणही ब्रेडच्या आतल्या बाजूला लोण्याचा पातळ थर लावायचा.

साहित्य (दोघांसाठी, दोन भरलेले टोस्ट)

- एक दिवसाचा शिळा मिल्क ब्रेड, 4 जाड स्लाइस
- 100 ग्रॅम घट्ट चक्का (किंवा क्रीम चीज)
- 1 मोठा चमचा दुधाची पावडर
- 1 मोठा चमचा पिठीसाखर
- आटवलेली स्ट्रॉबेरी किंवा परतलेलं केळं, 2 मोठे चमचे
- 2 अंडी
- 120 मिली दूध (अर्धा कप)
- 2 छोटे चमचे साखर
- चिमूटभर मीठ, वेलची किंवा दालचिनीची पूड
- आतून लावायला लोणी, भाजायला तूप

अंडी-दुधाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. एका अंड्याला पाव कप, म्हणजे 60 मिली दूध. दूध वाढवलं तर मिश्रण घट्ट व्हायला वेळ लागतो आणि टोस्ट ओला राहतो. साखरही वाढवू नका, ती तव्यावर लवकर जळते. मीठ मात्र विसरू नका, त्याने गोडवा उठून दिसतो.

कृती

1. चक्का, पिठीसाखर आणि दुधाची पावडर एकत्र करा. हे सारण भरण्याआधी 15-20 मिनिटं फ्रीजबाहेर काढून ठेवा. सारण गार असेल तर टोस्टचा मधला भाग तापायला फार वेळ लागतो.

2. चारही स्लाइसना आतल्या बाजूने लोणी लावा. दोन स्लाइसवर मधोमध चक्का पसरा, कडेने एक बोट जागा मोकळी सोडा. त्यावर फळ ठेवा. दुसरा स्लाइस ठेवून कडा बोटांनी दाबा. सारणाचा थर एक सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

3. अंडी, दूध, साखर, मीठ आणि वेलची फेटून घ्या आणि गाळणीतून गाळा. अंड्यातला पांढरा दोरीसारखा भाग ब्रेडवर राहिला तर तिथे तळलेल्या अंड्यासारखे ठिपके दिसतात. गाळलेलं मिश्रण पसरट ताटात ओता, म्हणजे बुडवणं सोपं जाईल.

4. भरलेलं सँडविच या मिश्रणात ठेवा. जाड ब्रेड असेल तर एका बाजूला 30-40 सेकंद, पाकिटातला असेल तर 15-20 सेकंद. उलटा आणि दुसरी बाजू तेवढाच वेळ ठेवा. कडाही फिरवून ओल्या करा, अंडं शिजलं की कडा चिकटतात आणि सारण आत राहतं. उचलल्यावर जास्तीचं मिश्रण निथळू द्या.

5. तवा मंद ते मध्यम आचेवर तापवा. तूप घाला. लोण्यात पाणी आणि दुधाचे घन कण असतात, ते लवकर काळे पडतात. तुपात ते नसतात, म्हणून भाजायला तूप बरं. लोण्याचा वास हवाच असेल तर शेवटच्या मिनिटाला छोटा तुकडा सोडा.

6. एक बाजू साधारण 4 मिनिटं भाजा, उलटा, दुसरी बाजू 4 मिनिटं. दोन्ही बाजूंना सोनेरी रंग आला की गॅस अगदी बारीक करून झाकण ठेवा आणि 3-4 मिनिटं राहू द्या. झाकणाखालची वाफ आतपर्यंत उष्णता पोचवते.

7. झाकण काढून दोन्ही बाजू परत अर्धा-अर्धा मिनिट भाजा. वाफेने मऊ पडलेला पापुद्रा पुन्हा कुरकुरीत होतो.

घरी ओव्हन असेल तर सहाव्या पायरीला टोस्ट 180 अंशांवर 8-10 मिनिटं ठेवा. चार-पाच जणांसाठी एकदम करायचे असतील तर हाच मार्ग सोयीचा आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. अनेक जण स्लाइस आधी अंड्यात भिजवतात आणि मग सारण भरतात. असं केलं की अंडं थेट मधोमध, सारणाला चिकटून बसतं, आणि तिथे उष्णता सगळ्यात शेवटी पोचते. आधी भरून मग बुडवलं, तर अंडं मुख्यतः बाहेरच्या बाजूला राहतं आणि शिजण्याची खात्री वाढते.

शिजलं की नाही, कसं ओळखायचं?

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सारणाच्या शेजारच्या ब्रेडमध्ये खुपसा. 71 अंशांच्या वर आकडा दिसला की झालं. नसेल तर सुरीचं टोक कडेजवळच्या ब्रेडमध्ये घालून थोडं उघडून बघा. पिवळट ओला द्रव दिसला तर झाकण ठेवून आणखी दोन मिनिटं द्या. मधोमध सुरी घालून काही कळत नाही, कारण तिथलं सारण ओलंच असणार.

बोटाने हलकं दाबूनही अंदाज येतो. शिजलेला टोस्ट दाबला की परत वर येतो. कच्चा असेल तर दबलेलाच राहतो आणि कडेने द्रव सुटतो.

अंडं खात नसाल तर?

श्रावण असो की एरवीचा शाकाहार, कस्टर्ड पावडर वापरून हाच टोस्ट करता येतो. आणि हे काही जुगाडू प्रकरण नाही. 1837 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ही पावडर तयार केली, ती पत्नीला अंडी चालत नसत म्हणूनच. त्यात मुख्यतः कॉर्नफ्लोअर असतं. अंड्याची प्रथिनं जे काम करतात, ते इथे पिष्ट करतं, म्हणजे तापल्यावर घट्ट होऊन ब्रेडला धरून ठेवतं.

120 मिली थंड दुधात एक मोठा चमचा कस्टर्ड पावडर आणि दोन छोटे चमचे साखर मिसळा. पावडर तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक टोस्ट बुडवण्याआधी ढवळा. भिजवायचा वेळ निम्मा करा आणि कडा जास्त घट्ट दाबा, कारण अंड्याइतकी पकड इथे मिळत नाही.

रोज खाल्ला तर?

हा लाडाचा नाश्ता आहे, तसाच राहू द्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर, मध, सिरप वगैरे मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. 2000 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा साधारण 50 ग्रॅम होते. वरच्या कृतीत एका माणसाच्या वाट्याला मिश्रणातून आणि सारणातून मिळून 8 ग्रॅम साखर येते. त्यावर एक मोठा चमचा मध ओतला की आणखी 17 ग्रॅम. म्हणजे सकाळीच दिवसाचा निम्मा कोटा संपला, आणि आटवलेल्या फळातली साखर यात धरलेलीच नाही.

त्यामुळे मध किंवा सिरप टोस्टवर ओतण्यापेक्षा वाटीत बाजूला द्या, ज्याला हवं तो घेईल. बहुतेकदा लागतही नाही, कारण आतलं सारण पुरेसं गोड असतं. घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध अजिबात चाटवू नका. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू असू शकतात आणि एवढ्या लहान बाळाला ते धोक्याचे ठरतात.

थोडक्यात काय?

- ब्रेड शिळा किंवा सुकवलेला, आणि जमलं तर जाड.
- सारणात चमचा उभा राहिला पाहिजे.
- एका अंड्याला पाव कप दूध, त्यापेक्षा जास्त नाही.
- आधी भरायचं, मग बुडवायचं.
- आच मंद, झाकण ठेवून शिजवायचं, आणि शेवटी उघड्यावर कुरकुरीत करायचं.

रात्री चक्का टांगून ठेवला आणि ब्रेड कापून ठेवला, तर सकाळी हे सगळं अर्ध्या तासात होतं. भरलेली सँडविचं मात्र रात्रीच करून ठेवू नका. लोण्याचा थर असला तरी इतक्या तासांत चक्का ब्रेडमध्ये मुरतो. आणि टोस्ट झाला की लगेच खायला बसा. पाचेक मिनिटं ताटात पडून राहिला तर त्याच्याच वाफेने खालची बाजू ओली होते. घरातले एकत्र जेवायला बसणारे असतील, तर तयार टोस्ट ताटाऐवजी जाळीवर ठेवा.